डे ला सोलला गायब कुणी केलं?

'स्पायडर-मॅन: नो वे होम' संपल्यावर नावं सरकताना एक गाणं वाजतं. २०२१च्या डिसेंबरात ज्या पोरांनी ते घरी येऊन फोनवर शोधलं, त्यांना एकाही मोठ्या स्ट्रीमिंग ॲपवर ते सापडलं नाही. गाणं 'द मॅजिक नंबर', गट डे ला सोल, साल १९८९. माझ्या मते हिप-हॉपची दिशा बदलणारा हा गट, आणि तोच एका अख्ख्या पिढीला ऐकायला मिळाला नाही.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिलचे शाळूसोबती: पॉसडनूस, ट्रूगॉय आणि मेसिओ. (दही आवडतं म्हणून पठ्ठ्यानं 'योगर्ट' उलटं लिहून 'ट्रूगॉय' नाव घेतलं!) निर्माता प्रिन्स पॉलसोबत केलेल्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' या पहिल्या अल्बममध्ये जुन्या तबकड्यांचे तुकडे गुंफलेत: स्टीली डॅन हा बँड आहे, ओटिस रेडिंगची शीळ आहे, जॉनी कॅश आहे, फ्रेंच शिकवणारी तबकडीसुद्धा आहे. रॅप म्हणजे दरडावणंच, हा समज यांनी चेष्टामस्करी करत मोडला.

मुखपृष्ठावरची डेझीची फुलं बघून लोक त्यांना हिप्पी म्हणू लागले. मग १९९१च्या दुसऱ्या अल्बमचं नावच 'डे ला सोल इज डेड', आणि वर फुटलेल्या कुंडीचं चित्र. ज्या प्रतिमेवर माल खपतोय, तीच फोडायला जिगर लागते.

आता सॅम्पलिंग, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात गुंफणं. कीर्तनकार एका अभंगाच्या निरूपणात दहा संतांच्या ओव्या गुंफतो, तेव्हा त्याला कुणी चोर म्हणत नाही. पण १९९१मध्ये सॅम्पलिंगवरून रॅपर बिझ मार्कीविरुद्ध लागलेल्या निकालाची सुरुवातच न्यायाधीशांनी 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेनं केली. डे ला सोलवर टर्टल्स या बँडनं दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला. मूळ कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत, यात दुमत नाही. पण त्यानंतर असा गच्च विणलेला अल्बम करणं फक्त गडगंजांना परवडू लागलं.

डे ला सोलचं खरं घोडं अडलं कागदांवर. परवानग्या घेतल्या होत्या त्या तबकडी-कॅसेटच्या जमान्यातल्या. डिजिटलचा विचार त्यात नव्हताच. २०१४मध्ये वैतागून गटानं आपलं संगीत एक दिवस फुकट वाटलं. २०१९मध्ये टॉमी बॉय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीशी स्ट्रीमिंगच्या कमाईच्या वाटणीवरून जाहीर वाद झाला. गटाच्या म्हणण्यानुसार त्यांच्या वाट्याला दहा टक्केच येणार होते. २०२१मध्ये रिझर्व्हॉयर या संगीत कंपनीनं टॉमी बॉय विकत घेतली आणि गाडी पुढे सरकली.

१२ फेब्रुवारी २०२३ला ट्रूगॉय गेला, ५४व्या वर्षी. ३ मार्चला अडकलेलं सगळं संगीत स्ट्रीमिंगवर आलं. एकोणीस दिवस! याचा राग मला अजून आहे.

नव्यानं ऐकणार असाल तर आधी 'आय नो' लावा, मग थेट १९९६चा 'स्टेक्स इज हाय'. त्याच्या शीर्षकगीताचा बीट जे डिला या निर्मात्याचा आहे. हेडफोन चांगला घ्या.