सर, एक तास घेऊन दाखवा ना!

परवा आम्हा शिक्षकांचं पुन्हा एक प्रशिक्षण झालं. मार्गदर्शक शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. माणूस सज्जन, वाचन दांडगं. आणि चौथ्या स्लाइडवर तो शंकू आलाच, शिकण्याच्या पद्धतींची उतरंड दाखवणारं ते चित्र! वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस, स्वतः केलेलं नव्वद. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये हा शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कुणीतरी चिकटवली. बरं, नुसतं ऐकलेलं टिकत नाही हे पटवायला सर अडीच तास नुसते बोलत होते. मागच्या रांगेत आम्ही वह्या तपासत होतो. (हो, शिक्षकांनाही मागची रांगच आवडते.)

प्राध्यापकांवर माझा राग नाही. माझं शिकवणं सुधारलं तेही एका प्राध्यापक बाईंमुळेच. त्यांनी भाषण केलं नाही. दोन दिवस माझ्या वर्गात मागे बसल्या आणि नंतर एक कागद पुढे केला. त्यावर माझे प्रश्न होते नि प्रत्येकापुढे एक आकडा. बहुतेक ठिकाणी १, काही ठिकाणी चक्क ०. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी मी किती सेकंद थांबते, त्याचा तो हिशोब! मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

"उद्या थांबून बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

तीन सेकंद म्हणजे काय असतं ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी हात पाठीमागे घेऊन बोटं मोजत होते. प्रश्न साधा होता, एक तृतीयांश मोठा की एक पंचमांश? नेहमीचे हात वर गेले. मी थांबले. तेव्हा कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "पंचमांश. पाच मोठे ना!" आणि अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. इतकी वर्षं पहिल्या बाकावरून बरोबर उत्तर घेऊन मी पुढे सरकत होते, आणि मागे हे असं चाललेलं!

मिशिगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक असताना डेबोरा बॉल १९८९-९० मध्ये वर्षभर तिसरीला गणित शिकवत होत्या, मॅग्डलीन लँपर्ट पाचवीला. तासांचं चित्रीकरणही झालं. बॉल यांच्या वर्गात एक मुलगा अडून बसला की सहा ही संख्या समही आहे आणि विषमही, कारण तिच्यात दोनाचे गट तीन होतात. बाईंनी त्याला 'चूक' म्हणून खाली बसवलं नाही, वर्गाला वाद घालू दिला. शिक्षकांना दाखवायचं तर असं काहीतरी दाखवा.

अर्थात सगळा दोष प्राध्यापकांच्या माथी मारून चालणार नाही. त्यांच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, पाचवीवर घेतलेला तास कोण मोजतं?

शेवटी शंका विचारायला सांगितल्या, तेव्हा मी म्हटलं, "सर, एक तास घेऊन दाखवाल?" सभागृह हसलं. सरही हसले, घड्याळ बघत. मग अभिप्रायाचे फॉर्म आले. 'सूचना' या रकान्यात मी लिहिलं: सोमवारी दुसरा तास, पाचवी ब, अपूर्णांक. खडू मी आणते.