जाताना जरा नीट जा! (ठाणेकरांसाठी पूर्वतयारी)

लग्नाचा हॉल आपण वर्षभर आधी धरून ठेवतो, बारशाला पण हल्ली थीम लागते, आणि स्वतःच्या अंत्ययात्रेचं मात्र सगळं मेव्हण्यावर टाकून मोकळे होतो. तोच मेव्हणा, ज्याने तुमच्या वास्तुशांतीला दीडशे माणसांत ऐंशीचं जेवण सांगितलं होतं. तेव्हा आपलं आपण बघा.

आधी वार ठरवा. शनिवार-रविवारी जाऊ नका, लोक वर्षभर बोलून दाखवतात. मधला वार बरा, ऑफिसवाल्यांना हाफ डे टाकता येतो आणि आयुष्यात एकदा तरी कारण खरं सांगता येतं. राहायला कासारवडवलीला आणि न्यायचं ठाण्यात जवाहरबागेच्या स्मशानात, असं असेल तर वेळेचं विसराच. (जवळच कुठेतरी उरका म्हणाल, पण तुमचे वडील जवाहरबागेत गेले होते हे आत्याला आठवतं, संपला विषय.) ग्रुपवर बातमी पडली की कसं झालं, काय झालं हे नंतर, पहिला प्रश्न "कधी नेणार?" त्याला उत्तर "अकराला" द्यायचं, म्हणजे साडेबाराला सख्खा भाऊ मानपाड्याहून फोन करेल की हललो नाहीये, थांबा. पुढे तुम्ही स्वतः कापूरबावडीला मेट्रोच्या खांबाखाली अडकाल. अडकू दे की! जन्मभर त्या घोडबंदर रोडला शिव्या घातल्यात, आता पहिल्यांदाच आडवं पडून जायला मिळतंय आणि पोचायची घाईही नाही.

खरी मजा त्याआधी, टॉवरमध्ये. सॅम्पल फ्लॅट बघताना आपण मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या ओढून बघतो, बाल्कनीतून खाडी किती दिसते ते बघतो, पण स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावतं का हे कुणाचा बाप विचारत नाही. मग तेविसाव्या मजल्यावरून चार जण तुम्हाला तिरकं करून, "डोकं सांभाळ रे" म्हणत उतरवतात. म्हणून आजच टेप घेऊन लिफ्ट मोजा, वॉचमनने विचारलं तर फ्रीज घ्यायचाय म्हणून सांगा. आणि ते गेटचं अ‍ॅप! येणाऱ्या प्रत्येकाची एन्ट्री अप्रूव्ह करायला वॉचमन नंबर लावणार तुमचा, म्हणजे तुम्ही हॉलमध्ये चादरीखाली, फोन उशाशी कोकलतोय आणि तुमचंच शेवटचं दर्शन घ्यायला आलेली माणसं तुमच्याच परवानगीसाठी उन्हात उभी. जायच्या आधी तेवढा नंबर बायकोचा करून घ्या.

कागदांचं पटकन सांगतो, कारण हे तसंही कोणी करत नाही. घरी गेलात तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर लागतो, त्यामुळे ज्याची औषधं चालू आहेत त्याच्याशी भांडू नका. नोंद 21 दिवसांत करायची असते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे धाकट्याला आधीच सांगा. नेत्रदान करायचं असेल तर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि तोवर पंखा बंद ठेवायचा असतो, पण जमलेल्यांपैकी एक काका हमखास "अरे पंखा लावा कोणीतरी, किती उकडतंय" म्हणत बटण दाबतोच, त्या काकावर एक माणूस नेमून ठेवा. फोटो पण आत्ताच काढून ठेवा, नाहीतर आधारवरचा मोठा करून लावतील, तो बघून यमपण म्हणेल की अजून एकदा ओळख पटवून घ्या.

आता मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टँप पेपर लागत नाही, तुमची सही आणि दोन साक्षीदार, बास. पण कायदा काही म्हणो, आपल्याकडे शेवटचा शब्द दहाव्याच्या कावळ्याचा! पिंड ठेवला की सगळे लांब उभे राहतात, कावळा येतो, बघतो, उडून जातो. मग सुरू होतो लिलाव. "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही शिवला. "बाबा, गावचं घर विकणार नाही." तरी नाही. उन्हात भटजी घड्याळ बघायला लागला की तिसऱ्या मिनिटाला मोठा मुलगा बहिणीला हिस्सा द्यायला पण तयार होतो, आणि मृत्युपत्राला दोन साक्षीदार तर इथे अख्खी भावकी, चुलत्यांसकट! इतकं पक्कं काम रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात होत नाही. म्हणून मी म्हणतो, वकिलाला पैसे घालू नका, खिडकीत रोज सकाळी एखाद्या कावळ्याला शेव-फरसाण टाकायला लागा, ओळख वाढवा, आणि सवय अशी लावा की मुलीचं नाव कानावर पडल्याशिवाय तो घासाला तोंड लावणार नाही.