नाव 2017 चं, म्हणून ढगही 2017 चा?

आमच्या आत्याने नातवाला शाळेत पाठवलं नाही. कारण काय, तर ढगात पडलेल्या गोल भोकाचा फोटो आणि त्याखालचा मेसेज: असे ढग पूर्वी नव्हतेच, म्हणून 2017 मध्ये शास्त्रज्ञांना नवी नावं काढावी लागली, हे सगळं विषारी फवारणीमुळे होतं, भोक दिसलं की मुलांना तीन दिवस बाहेर सोडू नका, लाटांसारखे ढग म्हणजे भूकंपाची खूण. आणि हे 'सर्वांना पाठवा'.

आधी ते भोक. त्याला कॅव्हम म्हणतात. उंचावरच्या ढगातले थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही न गोठता राहू शकतात. त्यातून विमान गेलं की पंखांवरची हवा पसरून आणखी गार होते आणि काही थेंबांचा बर्फ होतो. मग हे हिमकण भोवतालची वाफ ओढून फुगतात, शेजारचे थेंब विरून जातात आणि जड झालेले कण खाली सांडतात. फोटोत भोकाच्या मधोमध पांढऱ्या झिपऱ्या लोंबताहेत ना, त्या ह्याच. बर्फ आहे तो! बहुतेक वेळा जमिनीवर पोचायच्या आतच विरतो. पोराला नेमकं कशापासून वाचवलं?

विमानाचा हात असतो, हे मान्य. माणसामुळे तयार झालेल्या ढगांना होमोजेनिटस असा शेराही आहे. कृत्रिम पावसाचे प्रयोगही होतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात केले, तेही उघडपणे. पण त्यावरून विषारी फवारणीपर्यंत उडी मारायची म्हणजे कमाल आहे.

नव्या नावांसाठी जागतिक हवामान संघटनेचा 'इंटरनॅशनल क्लाउड ॲटलास' बघा, नेटवर फुकट आहे. पहिली आवृत्ती 1896 ची. 2017 च्या आवृत्तीतही ढगांचे मूळ प्रकार दहाच आहेत. भर पडली ती पोटभेदांत आणि बारकाव्यांत. त्यातला ॲस्पेरिटास, म्हणजे खालून खवळलेल्या समुद्रासारखा दिसणारा ढग, आला तो ढगप्रेमींनी वर्षानुवर्षं फोटो पाठवून पाठपुरावा केला म्हणून. व्हॉल्युटस, म्हणजे आडव्या नळीसारखा ढग, हे नाव 2017 चं, पण ऑस्ट्रेलियात बर्कटाउनजवळच्या तसल्याच लांबलचक ढगावर ग्लायडरवाले 1989 पासून स्वार होताहेत.

लाटा आणि भूकंप? वरच्या-खालच्या थरांत वाऱ्याचा वेग वेगळा असला की लाटा उठतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने त्यामागचं गणित 1868 मध्येच मांडलं. जमिनीखाली काय चाललंय, याचा तिथे संबंधच नाही.

बाकी, ज्याला खरंच घाबरावं त्या क्युम्युलोनिम्बसचा, म्हणजे उंच गडगडाटी ढगाचा, मेसेजमध्ये उल्लेखही नाही. वीज त्यातून पडते. तो गडगडायला लागला की पोरांना जरूर घरात घ्या, तीन दिवस नको, गडगडाट थांबल्यावर अर्धा तास पुरे.