उस्मानाबादहून निघालेली तपासणी

आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एका मित्राने लिहिलं, "परदेशी पैसा येतो तो आपल्या गरीब बायकांवर प्रयोग करायलाच. उस्मानाबादला केलेच ना?" खाली अंगठ्यांची रांग. इथे लीड्समध्ये रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळची शिफ्ट होती, तरी झोप आली नाही.

काय केलं होतं उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला? 1999 मध्ये जिल्ह्यातल्या गावांचे 52 समूह पाडले आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका अभ्यासात घेतल्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असे तिघे मिळून. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत धरायला आयुष्यात एकदाच तपासणी करायची तर कोणती करावी, एवढं शोधायचं होतं: हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची, पॅप स्मीअरची (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची), की ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची. त्यासाठी समूह चार गटांत वाटले: तीन गटांत एकेक तपासणी, चौथ्या गटाची तपासणीच नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी. 2009 ला निकाल छापून आला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. बाकी दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठळक घट झाली नाही.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली. लिऑनच्या प्रयोगशाळेत नाही, आपल्या ज्वारीच्या पट्ट्यातल्या बायकांनी हे दाखवून दिलं. याचा अभिमान वाटायचा सोडून आपण गिनिपिग म्हणत बसतो, हे मला सहन होत नाही.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं, हा आक्षेप मात्र खरा आहे. तो अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही जाहीरपणे घेतला. 1988 पासून घरोघरी बोलावणं धाडणाऱ्या इंग्लंडमध्ये असा गट करताच आला नसता. आपल्याकडे तपासणीची पद्धतच नव्हती, म्हणून करता आला. पण ती पद्धत नव्हती ती कुणामुळे? लिऑनमुळे? बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं 2019 मध्ये उघड झालं, सरकारला समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, तर काढून टाका. तिथे कुणी परदेशी नव्हता, संमतीपत्र वाचून दाखवायला कुणी नव्हतं, आणि निकाल कुठेच छापायचा नव्हता. तेव्हा आमचा ग्रुप गप्प होता.

आणि 2009 नंतर आपण काय केलं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात 1.9 टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. आपल्याच जिल्ह्याने शोधलेलं आपल्याच घरात आलं नाही, चिडायचं तर यावर चिडा.

मला इथे जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, पत्र येतं. टेस्कोला जाता जाता नर्सकडे दहा मिनिटं, निकाल पुन्हा घरी. 2019 पासून नमुन्यात आधी एचपीव्हीच बघतात. पहिल्यांदा गेले तेव्हा नर्सने विचारलं, मूळची कुठली? मी "मुंबईजवळची" म्हणाले. उस्मानाबाद म्हणाले नाही. त्या खोलीत ते नाव घ्यायला हवं होतं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. 1999 ला मी लातूरला बारावीच्या क्लासला होते आणि डोक्यात फक्त बाहेर पडायचं होतं.

मागच्या दिवाळीत घरी वहिनींना विचारलं, "तुम्ही कधी तपासून घेतलं का?"

"मला काय झालंय? उगं कशाला दाखवायचं?" असं म्हणून त्या शेंगाचटणी कुटायला लागल्या. मी पुढे काही बोलले नाही. दादा बाहेरच्या खोलीत होता, मला लाज वाटली. सतरा वर्षं परदेशात राहून आपल्या घरात 'पिशवी' हा एक शब्द मला काढता आला नाही. चटणीचा डबा बॅगेत भरून मी विमानात बसले.

वहिनी 46 वर्षांच्या आहेत. अभ्यास सुरू झाला तेव्हा 30 च्या आतल्या, म्हणून चारांतल्या कुठल्याच गटात नव्हत्या. ग्रुपवरचं उत्तर तसंच अर्धवट ठेवलंय. रविवारी आधी दादाला फोन करणार आहे, बार्शीला कोणत्या दिवशी नेतोस म्हणून.