खुलासा : ‘चाळिशीनंतर अक्षरओळख होत नाही’ या मेसेजबद्दल

‘चाळिशीनंतर मेंदू नवीन लिपी घेत नाही, प्रौढांना शिकवण्यात वेळ घालवू नका’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. परवा घाईघाईत मीही तो एका ग्रुपवर टाकला होता. चूक माझी, तो मजकूर खरा नाही.

2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या 63 प्रौढांच्या मेंदूचं स्कॅनिंग त्यात होतं. काहीजण मोठेपणी वाचायला शिकलेले. लहानपणी शिकलेल्यांच्या मेंदूत दिसणारे बरेचसे बदल त्यांच्यातही दिसले. वेग कमी असतो, हे मान्य. पण सराव तुटणं हेही त्याचं एक कारण. कामं, घर, थकवा!

मी स्वतः शिकवते. माझ्या एक विद्यार्थिनी, वय 58, पहिले दोन आठवडे पेन्सिल इतकी दाबायच्या की कागद फाटायचा. ‘प’ आणि ‘ष’ मध्ये तर महिनाभर गोंधळ. आता औषधाच्या पाकिटावरचं नाव आणि तारीख स्वतः वाचतात, मुलाला विचारत नाहीत.

आणि हो, ‘शिकवायला पदवी लागते’ हे त्या मेसेजमधलं वाक्यही चूक. स्वयंसेवकाला थोडं प्रशिक्षण आणि भरपूर धीर लागतो. माझा धीर तर तिथेच वाढला. घरचे साक्ष देतील.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.