एक स्टारवाल्या भाऊंना उत्तर: ४४ पानांची ६१ काऊन झाली

नमस्कार भाऊ. आमच्या टाईपसेटिंग-छपाईच्या दुकानाला तुम्ही दिलेला रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलं की धान सफाईच्या मशीनच्या मॅन्युअलची ४४ पानांची साधी वर्ड फाईल दिली, यांनी फुगवून ६१ पानं केली अन् तेवढे पैसे लावले, आमचं बोल्ड काढून टाकलं, उजवीकडची कड वाकडीतिकडी ठेवली, ९ दिवस घेतले, अन् एवढं करून अनुक्रमणिका चुकीची. अनुक्रमणिकेचं खरं आहे, त्यावर खाली येतो. बाकीचं मात्र ऐकून घ्या.

पहिले पैसे. सेटिंगचे, म्हणजे पानं मांडायचे पैसे ४४ पानांचेच लावले, बिल काढून पहा. छपाई ६१ ची लागली कारण कागद तेवढा गेला. दोन पानांचं सॅम्पल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं अन् तुम्ही अंगठाही दाखवला, पण दोन पानं पाहून पूर्ण पुस्तक किती वाढणार हे कोणाला कळते, ते मीच फोन करून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, तेवढा दोष माझा.

आता "साधी फाईल". भाऊ, ती कृतीदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली होती. स्क्रीनवर मराठी दिसते पण आत इंग्रजी अक्षरंच बसलेली असतात, म्हणजे त्याची पीडीएफ बनवून कोणी "बेअरिंग" सर्च मारलं तर एकही सापडत नाही, अन् वर्ड फाईल अशा कॉम्प्युटरवर उघडली जिथं तो फॉन्टच नाही तर नुसता कचरा दिसते. तुम्हाला तर ते मॅन्युअल वेबसाईटवरही टाकायचं होतं ना. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणलं, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत. लोकांना वाटते कन्व्हर्टरमध्ये टाकलं की एका मिनिटाचं काम, पण कन्व्हर्टरला मराठी कुठं संपली अन् इंग्रजी कुठं सुरू झाली हे समजत नाही, तुमच्या फाईलमध्ये जिथं जिथं इंग्रजीत आरपीएम लिहिलं होतं तिथं "त्च्ड" येऊन बसलं! पहिली वेलांटी कृतीदेवमध्ये अक्षराच्या आधी टाईप होते अन् युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती घसरते, रफाराचेही तेच हाल. हे सगळं माणसानं डोळ्यानं ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावं लागते. ९ दिवसातले ३ त्यातच गेले, अन् २ दिवस आम्ही नवीन मोटरच्या फोटोंची वाट पाहून राहिलो होतो, ते तुम्ही लिहायचं विसरले.

पानं काऊन वाढली ते सांगतो. तुमची फाईल ९ पॉईंटच्या बारीक अक्षरात, ओळीला ओळ चिकटवून. इंग्रजीत ते कसंबसं चालून जाते, पण आपल्या लिपीत अक्षराच्या वरही मात्रा अन् खालीही उकार, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसून राहिला होता. मी ११ पॉईंट केलं अन् ओळीला १६ पॉईंटची जागा दिली. तुम्ही हिंगण्याच्या ऑफिसमध्ये खुर्चीवर बसून वाचता, भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमधला ऑपरेटर ते मशीनजवळ उभं राहून वाचते, हवेत कोंडा उडून राहिला आहे, ट्यूबलाईट लुकलुकून राहिली आहे, एका हातात पाना अन् दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. त्याचं बोट चुकलं तर तो पुन्हा पहिल्या ओळीपासून नाही वाचत, अंदाजानं करते.

उजवी कड मुद्दाम सोडली. आपले शब्द लांब, वर्ड ते तोडत नाही, म्हणून दोन्हीकडून सरळ केलं की मधात भोकं पडतात. कार्डासारखं दिसायला पाहिजे असेल तर लग्नपत्रिका वेगळी छापून देतो. (राग नका मानू, गंमत केली.)

बोल्डचं म्हणाल तर तुमच्या फाईलमध्ये सलग पानंच्या पानं बोल्ड होती, सगळंच ओरडून सांगितलं तर धोक्याचं कोणतं हे वाचणाऱ्यानं कसं ओळखायचं? आणि तुमचं १९ नंबरचं पान काढा. चौथ्या पायरीवर लिहिलं होतं "कव्हर उघडून पट्टा काढा", अन् त्याच्या तीन ओळी खाली लाल बोल्डमध्ये "त्याआधी मेन स्वीच बंद करावा". माणूस वाचत वाचत काम करते भाऊ, तिथपर्यंत पोचेपर्यंत त्याचा हात आत गेलेला असते. ती सूचना आम्ही पायरीच्या वर घेतली अन् जाड चौकटीत टाकली, कारण पुढे कोणी साध्या लेझर प्रिंटरवर कॉपी काढली तर लाल रंग करडा होते, चौकट तशीच राहते. "वरील चित्रात पहा" जिथं होतं तिथं चित्र पुढच्या पानावर सरकलेलं, म्हणून चित्रांना नंबर दिले. स्पेअर पार्टच्या टेबलला प्रत्येक पानावर मथळा दिला. ह्यात जागा जाते, अन् पुन्हा कोणी दिलं तरी मी असंच करीन.

अनुक्रमणिका. तुमचे मोटरचे फोटो आले तेव्हा फाईल छपाईला तयार होती, फोटो टाकल्यावर २७ व्या पानापासून पुढचं सगळं दोन पानं सरकलं. वर्डमध्ये अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही, अपडेट फील्ड करावं लागते. आमच्या पोट्ट्यानं नाही केलं, पण छपाईला जायच्या आधी शेवटची नजर माझी असते अन् त्या दिवशी मी नाही मारली. एका मिनिटाचं काम होतं, अन् ज्याला "पट्टा बदलणे" शोधायचं तो चुकीच्या पानावर जाणार, म्हणजे वर एवढं सांगितलेलं सगळं त्याच्यासाठी बेकारच.

दीडशे कॉप्या स्पायरलच्या आहेत, म्हणून पूर्ण छापायची गरज नाही, अनुक्रमणिकेचा कागद तेवढा बदलून देतो. खोके नागपुरात बर्डीवर दुकानात आणून द्या, नाहीतर मी पोट्टा पाठवतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत. छपाईचा अन् बाइंडिंगचा एक रुपया नाही. वेबसाईटची पीडीएफ दुरुस्त करून आज सकाळीच मेल केली, जुनी काढून तिथं ती टाका. अन् येताना पेनड्राईव्ह आणा, ओपन फाईलही, म्हणजे बदल करता येईल अशी, टाकून देतो, पुढच्या वेळी मोटर बदलली तर तुमचं तुम्हालाच करता येईल.