‘१०२ दिवसांत विमान’ : आकडा खरा, हिशेब खोटा

‘दुसऱ्या महायुद्धात मस्टँग विमान १०२ दिवसांत तयार झालं, आज तेच काम वीस वर्षं रेंगाळतं, कारण मधे बाबूलोक आलेत,’ हा संदेश तुम्हालाही आला असेल.

पहिली गोष्ट, ‘तयार’ म्हणजे काय? ऑर्डरनंतर १०२ दिवसांनी, सप्टेंबर १९४० मध्ये, नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातून बाहेर पडला तो बिनइंजिनाचा सांगाडा. चाकंसुद्धा दुसऱ्या विमानाची, उसनी. इंजिन बसवून ते उडालं २६ ऑक्टोबरला आणि महिन्याभरात कोसळलं. ब्रिटिश हवाईदलाने मस्टँग मोहिमेवर धाडलं मे १९४२ मध्ये. तेव्हाही जास्त उंचीवर त्याचं ॲलिसन इंजिन दम टाकायचं. मग ऑक्टोबर १९४२ मध्ये रोल्स-रॉइसने त्यात मर्लिन इंजिन घालून उडवून पाहिलं. बॉम्बफेकी विमानांची पाठराखण करत थेट जर्मनीत शिरणारं, आपण ज्याचं कौतुक करतो ते मस्टँग कामाला लागलं डिसेंबर १९४३ मध्ये. ऑर्डरपासून साडेतीन वर्षं झाली. आणि ते मर्लिन पहिल्यांदा सुरू झालं होतं १९३३ मध्ये! ती वर्षं कुणाच्या खात्यात मांडायची?

‘चाचण्यांचं अवडंबर कमी करा,’ असाही सल्ला मिळतो. अमेरिकी नौदलाने तसं केलं होतं. मार्क १४ टॉर्पेडो (पाणबुडीतून सोडायचं, पाण्याखालून जाणारं अस्त्र) महाग, म्हणून युद्धाआधी खऱ्या स्फोटाच्या चाचण्या जवळपास टाळल्याच. युद्धात तो ठरवल्यापेक्षा खोल जायचा, जहाजाआधीच फुटायचा किंवा नेमका आदळूनही फुटायचा नाही. एक दोष काढला की त्याआडचा दुसरा दिसायचा. हे निस्तरेपर्यंत सप्टेंबर १९४३ उजाडला, आणि तोवरच्या चाचण्या पाणबुड्यांनी शत्रूसमोर केल्या.

‘आधी बनवा, मग सुधारा,’ हा दुसरा सल्ला. अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानाचं उत्पादन चाचण्या संपायच्या आधीच सुरू केलं. मग बनलेली विमानं पुन्हा उघडून दुरुस्त करत बसावं लागलं. करार २००१ चा, पहिली तुकडी सज्ज झाली जुलै २०१५ मध्ये आणि पूर्ण क्षमतेच्या उत्पादनाला हिरवा कंदील मिळाला मार्च २०२४ मध्ये.

लालफितीत वेळ जातो, हे मान्यच. त्यावर वाद घालायचा नाही. वेगाचं खरं उदाहरण हवं असेल तर १९९१ च्या आखाती युद्धातला जीबीयू-२८ घ्या. जमिनीखालचे बंकर फोडणारा हा बॉम्ब काही आठवड्यांत बनवून टाकलासुद्धा. त्याचं कवच होतं जुन्या ८ इंची तोफांच्या नळ्यांचं आणि लेझरने नेम धरण्याचं तंत्र आधीच वापरात होतं. ते तंत्र तेव्हा शून्यापासून उभारायचं असतं, तर युद्ध संपलं तरी बॉम्ब कागदावरच राहिला असता.